मासे बदलायची ड्युटी

प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केल्यावर मला जी पहिली नोकरी लागली, तिच्यात माझं एक काम असं होतं: सकाळी मेलेले मासे काढायचे आणि त्यांच्या जागी जिवंत सोडायचे.

कारखाना भिवंडीतलाच, कपडा रंगवायचा. लूमवरून कोरे तागे यायचे, ब्लीच व्हायचे, रंगायचे, वाळून टेम्पोत चढायचे. मला घेतलं होतं ऑफिसात क्लार्क म्हणून. पत्रं टाइप करायची, आवक-जावक लिहायची. पण माझी पदवी बघून मॅनेजरने पहिल्याच दिवशी एक जाड फाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

“मॅडम, पोल्यूशन का सब आप देखोगे. सायन्सवाले हो ना.”

मग तो मला कारखान्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे रंगाचं पाणी साफ करायचा प्लांट होता. सिमेंटच्या तीन टाक्या, दोन पंप, गाळ वाळवायची जागा. आणि शेवटच्या टाकीपाशी, ओट्यावर, काचेची एक मोठी पेटी. एका पाइपाने तिच्यात पाणी येत होतं, दुसऱ्याने बाहेर नाल्यात जात होतं. नाला पुढे खाडीला मिळतो. पेटीत चार-पाच गोल्डफिश होते. कारखान्याचं पाणी किती स्वच्छ आहे हे तपासायची एक पद्धत अशी आहे की त्या पाण्यात मासे ठेवायचे आणि चार दिवस ते जगतात का बघायचं. ती पेटी म्हणजे या तपासणीचं दुकानातल्या शोकेससारखं रूप होतं. पाहुणे येत, प्रदूषण खात्याचे साहेब येत, पेटीपुढे उभे राहून मोबाइलवर फोटो काढत आणि चहा घेऊन जात.

मला ते तेव्हा आवडलं, हे आज सांगायला लाज वाटते. घरी येऊन मी बाबांना कौतुकाने सांगितलं. बाबा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आमच्या घराण्यात चार पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी, आणि तितक्याच पिढ्या मासे खाण्याची आवड. बाबा म्हणाले, “वा! म्हणजे शिक्षण कामाला आलं.”

गोल्डफिश तिसऱ्या दिवशी मेले. मी नवे आणले, तेही मेले. एकदा तर दुपारी सोडलेले मासे संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आत उलटे झाले होते. मॅनेजर म्हणाला, “ये शोपीस मछली है, नाज़ुक होती है. मज़बूतवाली लाओ.” म्हणून मी चिलापी आणली. चिलापी गटारातही जगते असं म्हणतात. ती थोडी जास्त टिकली. मग तीही मरू लागली. रोज सकाळी जाळीच्या पळीने मासे काढताना मी बघायचे, त्यांचे कल्ले पांढुरके पडलेले असत आणि त्यावर चिकट थर. माशाचे कल्ले लालभडक असायला हवेत. मासळीबाजारात आई कल्ला उचलून बघते ते उगीच नाही.

मी हे मॅनेजरला सांगितलं. त्याने मान हलवली. पुढच्या आठवड्यात प्लंबर आला, पेटीचा पाइप बदलून गेला, आणि मासे मरायचे थांबले.

मला काय आनंद झाला! वाटलं, आपण सांगितलं आणि प्लांट सुधारला. फाइलमध्ये मी रोज माझ्या नीटस अक्षरात लिहू लागले: मासे जिवंत. हालचाल व्यवस्थित. खाली सही. असे दोन-अडीच महिने गेले.

प्लांटवर एक काका ऑपरेटर होते. गणेशपुरीच्या पलीकडच्या गावातले, भातशेतीवाले. शेत आता भावाकडे, हे एसटीने पहिल्या शिफ्टला येत. गरजेपुरतंच बोलत. एक दिवस मी पेटीत खाणं टाकत होते. ते पंपाजवळ बसून डबा खात होते. मी म्हटलं, “काका, आपलं पाणी सुधारलं हो.”

त्यांनी घास खाली ठेवला. “मॅडम, तुमाला खरंच म्हायत न्हाय?”

“काय?”

“त्या पेटीत टँकरचं पानी हाय. प्यायच्या टाकीतून नळी घेतलीया.”

“मग प्लांटचं पाणी?”

“प्लांट कुठं चालतो? साहेब यायचा असला की चालतो. एरवी बायपास.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकच्या रिकाम्या ड्रमांमागून एक जाड पाइप थेट नाल्यात उतरत होता. मी रोज तिथून जात होते. ड्रम दिसत होते, त्यांच्यामागे काय आहे ते कधी बघितलं नव्हतं.

मी पाइपापर्यंत गेले. त्यातून त्या दिवशी जांभळं पाणी पडत होतं, वाफा निघत होत्या. नाल्याच्या कडेला गवत नव्हतं. मी उभी राहिले आणि मनात हिशेब जुळवत गेले: हे पाणी म्हणजे ब्लीच, कॉस्टिक, रंग, रंग पक्का करायची रसायनं. हे खाडीत जातं. खाडीतल्या माशाला पळून जायला दार नाही. आपल्याला धूर लागला तर आपण नाकाला रुमाल लावतो, खिडकी उघडतो. मासा श्वास घेतो म्हणजे ते पाणी त्याच्या रक्तापासून एका पापुद्र्याच्या अंतरावरून वाहत असतं. जे पाण्यात, ते रक्तात. पहिल्याच वर्षी हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते सुरेख आकृती काढून लिहिलंही होतं.

तरी मी त्या दिवशी काही केलं नाही. संध्याकाळी फाइल उघडली आणि लिहिलं: मासे जिवंत. ते खोटं नव्हतं. पेटीतले मासे जिवंतच होते.

आमच्याकडे लहानपणापासून एक मावशी मासे घेऊन येतात. वळ गावाच्या बाजूला, खाडीकाठच्या गावातल्या. डोक्यावर पाटी, पायात जाड चपला, आवाज असा की आळीच्या तोंडाशी आल्या की आम्हाला कळतं. त्यांच्या पाटीत खाडीचे मासे: बोयी, निवट्या, खरबी, कोळंबी, कधी चिंबोऱ्या. बाबांचा जीव बोयीवर. त्यानंतरच्या एका बुधवारी मी घरी होते. बाबांनी पाटीत डोकावून विचारलं, “बोयी आहेत वाटतं?”

“हायत, मास्तर. पन तुमाला न्हाय देनार.”

“का बुवा? रागावलात?”

“घासलेटचा वास मारतान.” मावशींनी एक बोय उचलून बाबांच्या नाकापुढे धरली. “शिजवल्यावर आजून मारल. बाजारात घेनारे हायत, मसाल्यात खपतं. पन तुमी इतकी वर्सं खाल्लीत माझ्या हातचं. तुमाला कशी देऊ?”

मग त्यांनी अंगठ्याने माशाचं पोट दाबलं. “ह्या दिवसांत गाबोळीनं पोट टिचायचं हिचं. आता बगा. पोकल. अंडीच न्हाय धरत तर पिल्लं कुठली? निवट्या तर चिखलात दिसतपन न्हायत. आमची मानसं जाळी टाकून परत येतान, हाताला खाज सुटते, फोड येतान.”

बाबा म्हणाले, “कारखान्याचं पाणी असेल.”

“असल कशाला? हायच की.” मावशी माझ्याकडे वळल्या. “बाय, तू आता नोकरी करतीस म्हनं? कुठं?”

मी म्हणाले, “ऑफिसात.”

मी त्यांच्याकडून दोन बोयी मागून घेतल्या, फाडून बघायला म्हणून. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, ब्लेडने, कॉलेजात करायचे तसं. एकीच्या कल्ल्यांच्या झालरी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. यकृत डागाळलेलं, पिवळट. दुसरीची गाबोळी दोऱ्याएवढी बारीक, खरं तर त्या दिवसांत बोटाएवढी हवी. दोन माशांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हेही मला शिकवलेलं होतं. म्हणून मी निष्कर्ष काढला नाही. हात धुतले. साबणाने दोनदा धुऊनही बोटांना घासलेटचा वास राहिला.

यानंतर साधारण महिन्याने ते झालं. सकाळी ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं आणि काठावर मासे पडलेले दिसले. बोयी, शिंगाळ्या, कोळंबी, बोटाएवढी पिल्लं, चिंबोऱ्यासुद्धा चिखलातून वर येऊन मेलेल्या. मला हे नंतर कळलं. मला आधी दिसला तो दुपारी आमच्या गेटपाशी थांबलेला टेम्पो आणि त्यातून उतरणाऱ्या बायका. दहा-बारा बायका, मागे पाच-सहा पुरुष. प्रत्येकीजवळ पाटी. त्यांनी पाट्या ऑफिसच्या पायरीवर ओतल्या. ढीग झाला. उन्हात चकाकत होता, आणि वास असा की आतल्या मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या. सगळ्यांत पुढे मावशी होत्या.

मॅनेजर घाबरला नाही, हे मला आठवतं. त्याने पोलिसांना फोन केला नाही, ओरडला नाही. त्याने सगळ्यांना थंड पाणी दिलं आणि म्हणाला, “माताजी, आप ख़ुद देख लो. हमारे पानी में मछली ज़िंदा है. इधर से कुछ नहीं गया.” आणि त्याने त्यांना मागे पेटीपाशी नेलं. जाताना मला म्हणाला, “मॅडम, फाइल लेके आओ.”

मी फाइल घेऊन गेले. मावशींनी मला तेव्हा पाहिलं.

पेटीत चिलापी मजेत फिरत होती. बायका काचेला चेहरे लावून बघत होत्या. मॅनेजर मला म्हणाला, “मराठीमध्ये वाचून दाखवा यांना. तारीख के साथ.”

मी वाचलं. मासे जिवंत, हालचाल व्यवस्थित. एक पान, दुसरं पान. माझा आवाज स्थिर होता. शाळेत धडा वाचायला उभं केल्यावर असायचा तसा. तिसऱ्या पानावर मावशींनी हात वर केला.

“अक्षर तुझं हाय?”

“हो.”

मावशींनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पेटीत घातला. ओंजळभर पाणी काढून हुंगलं. मग चक्क तोंडात घेऊन चूळ भरली आणि बाजूला थुंकली.

“ह्ये तर टँकरचं पानी. पावडरीचा वास येतो.” त्या मॅनेजरकडे बघतसुद्धा नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. “ह्या पेटीत नाल्याचं पानी घाला की. मग बगू मासली जगते का.”

“माताजी, उसका प्रोसीजर होता है,” मॅनेजर म्हणाला.

काका पंपाजवळ मान खाली घालून उभे होते. मी फाइल छातीशी धरून उभी होते. आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही दोघंही गप्प होतो. मावशींनी हात पदराला पुसला. जाताना एवढंच म्हणाल्या, “मास्तरांची पोर तू.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “जे तुला शिकवलं गेलं ते मावशींना तू शिकवायचं होतंस. त्याच तुला हात घालून दाखवून गेल्या.” आणि उठून आत गेले. त्यांनी मला नोकरी सोड म्हटलं नाही, करत राहा असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. काकांना म्हटलं, “मला बायपासचं एक बादलीभर पाणी पाहिजे. तुम्ही नुसती वेळ सांगा कधी सुटतं ते. बादली मी भरीन. तुमचं नाव कुठेही येणार नाही.” त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “आता सुटल. थांबा.” मग स्वतःच बादली भरून आणली, गार व्हायला सावलीत ठेवली, आणि म्हणाले, “उगीच गरम पान्यानं मेले म्हनाया नको.” हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या बादलीत मी टँकरचं पाणी घेतलं. पेटीतून सहा चिलाप्या काढल्या, तीन इकडे, तीन तिकडे.

रंगाच्या पाण्यातल्या तिन्ही आधी बादलीच्या कडेकडेने वेड्यासारख्या धावल्या. एकीने बाहेर उडी मारली, मी उचलून परत टाकली. मग तिघी वर येऊन तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळू लागल्या. अंगातून चिकट पदार्थ सुटून पाण्यावर तंतू तरंगले. मासा स्वतःला वाचवायला हे करतो, अंगावर चिकटा सोडतो, पण तोच चिकटा कल्ल्यांवर बसला की श्वास आणखी कोंडतो. पंखांच्या मुळाशी रक्त साकळलं. एक कुशीवर झाली, पुन्हा सरळ होऊ बघत होती. मला तिला काढून चांगल्या पाण्यात टाकावंसं वाटलं. मी टाकलं नाही, कारण मला शेवटपर्यंत लिहायचं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी तिन्ही मेल्या. त्याच चिलाप्या, ज्या गटारात जगतात. शेजारच्या बादलीतल्या तिघी फिरत होत्या.

फाइलमध्ये मी हे वेळांसकट लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली. मोबाइलवर पानाचा फोटो काढला. मग फाइल मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

त्याने वाचलं. शांतपणे पान फाडलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. “मॅडम, आप अच्छे घर की हो. ये सब गाँववालों का काम है. इतने लोगों की रोज़ी है इधर. मछली के लिए बंद करें क्या?”

मी म्हणाले, “बंद करा नाही म्हणाले मी. प्लांट चालवा म्हणतेय. प्लांट आहे ना?”

“कल से मत आना,” तो म्हणाला.

‘मछली के लिए’. हे वाक्य मी नंतर इतक्या तोंडांतून ऐकलं, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, की आता ते ऐकलं की माझी कानशिलं तापतात. जणू मासे कुणा हौशी माणसाचा छंद आहेत. ते मासे धरून, खाऊन, विकून एक गाव जगत होतं. त्यांचीही रोजी होती, पण ती कुणी मोजत नाही, कारण तिला गेट नाही, बोर्ड नाही, शिफ्ट नाही. आणि समजा कुणीच ते मासे खात नसतं, तरी? कल्ले चिकटून गुदमरणाऱ्या जिवाला आपण काय उत्तर देणार? कपडा स्वस्त पडतो, असं?

मी मावशींच्या गावात गेले. त्या दारात कोळंबी निवडत होत्या. बाहेरून आणलेली, बर्फातली. मी सगळं सांगितलं, फाडलेलं पान, फोटो. त्यांनी पाट पुढे सरकवला. “बस. च्या ठेवते.” गावातल्या लोकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले, मी अर्ज लिहिला, फोटो जोडला आणि प्रदूषणाच्या सरकारी कचेरीत नेऊन दिला.

साहेब आले. यायच्या आधी कारखान्यात त्यांचा फोन आला होता, हे काकांनी मला एसटी स्टँडवर भेटून सांगितलं. प्लांट आदल्या दिवशीपासून चालू होता. तरी बायपासचा पाइप त्यांना दाखवावाच लागला, कारण अर्जात जागा लिहिली होती. नोटीस निघाली. कारखाना काही दिवस बंद राहिला. मग उघडला. आता तो पाइप ड्रमांमागे नाही. जमिनीखालून बराच पुढे नेलाय आणि भरतीच्या वेळी सोडतात, म्हणजे ओहोटीबरोबर सगळं वाहून जातं आणि काठावर काही दिसत नाही. काका तिथेच आहेत. त्यांना मी दोष देत नाही.

मला एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. बाबांनी खाडीचे मासे सोडले. मावशी अजून येतात, पण पाटीऐवजी थर्माकोलचा डबा घेऊन, आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस भिवंडीजवळच्या पूर्ण्याला एका मोठ्या गोडाऊनमध्ये झाडू मारतात.

आमचा अर्ज मात्र मिटला नव्हता; गेल्या महिन्यात त्याची सुनावणी होती. मावशी आणि मी गेलो. खोलीत पंखा, टेबल, टेबलामागे एक अधिकारी. त्यांनी सगळं वाचलं होतं, हे मान्य करायला हवं. ते सभ्यपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला पटेल. त्या नाल्यावर किती कारखाने आहेत! शिवाय शहराचं सांडपाणी. पाण्यातला प्राणवायू कमी होऊनही मासे मरतात, ते नैसर्गिकही असू शकतं. कुठल्या कारखान्याच्या पाण्याने कुठला मासा मेला, हे सिद्ध कसं करणार?”

मी म्हणाले, “साहेब, प्राणवायू कमी का होतो, तेही लिहिलंय अर्जात. पाण्यात काय सोडतात त्यावर ते असतं. आणि मेलेला मासा तुम्हाला सापडतो तरी. जो अंडीच धरत नाही, त्याची जन्मालाच न आलेली पिल्लं मी कुठून आणून दाखवू?”

ते काहीतरी लिहू लागले. मावशींनी खुर्ची पुढे ओढली.

“साहेब, कुनी मारली ता समजत न्हाय म्हनता?”

“तसं सिद्ध होत नाही, मावशी.”

“मग समद्यांचे पाइप बंद करा. ज्याचं पानी चांगलं, त्यानं पिऊन दाखवावं, त्याचा उघडा.”

अधिकारी हसले. चांगले हसले, वाईट नाही. पण लिहून घेतलं नाही. मी म्हणाले, “हे लिहून घ्या.” ते म्हणाले, “असं लिहिता येत नाही.” मी म्हणाले, “यांचं म्हणणं म्हणून लिहा. त्यांना बोलावलंय ना तुम्ही?” मी उठले नाही. मावशी उठल्या नाहीत. बाहेर पुढची माणसं ताटकळत होती. शेवटी त्यांनी लिहिलं, मी वाचून बघितलं, ‘पिऊन दाखवावं’ गाळलं होतं ते घालायला लावलं, आणि मावशींनी त्याखाली सही केली. सही करायला त्या साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या, हे मला तेव्हाच कळलं.

पुढची तारीख मिळाली आहे. त्या दिवशी शाळेत माझे चार तास आहेत. रजेचा अर्ज मी आजच मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले.